शरदात पानगळ नसते

मागच्या आश्विनात माझ्या तीन वर्षांच्या नातीने नर्सरीतून एक कागद घरी आणला. कागद जाड व गुळगुळीत होता. त्यावर टोकदार कडांचे एक मोठे पान छापलेले होते, खाली इंग्रजीत ऋतूचे नाव होते, आणि ते पान नारिंगी रंगाने भरून, कडेने कापून, दोऱ्याला बांधून सोमवारी परत आणावे, अशी सूचना होती. सूचना पालकांना उद्देशून होती, कारण तीन वर्षांच्या हाताला ती कात्री झेपणार नाही हे सूचना देणाऱ्यांनाही ठाऊक असावे. नातीने विचारले, "आजोबा, हे कुठलं पान?" मी म्हणालो, लांबच्या थंड देशातले. त्यावर तिने विचारले, "मग आपलं कुठाय?"

खिडकीबाहेर गडहिंग्लजचा शरद ऋतू होता. पाऊस उघडला होता, हिरण्यकेशीचे पाणी खाली जाऊन काठचा गाळ उघडा पडला होता, भुईमूग काढणीला आला होता आणि सर्व झाडे वर्षातली सर्वांत हिरवी होती. आपल्याकडे पानगळ होते ती शिशिरात, माघ-फाल्गुनाच्या सुमारास, जेव्हा जमिनीतील ओल आटते आणि पळस, सावर, पांगारा ही झाडे पाणी वाचविण्यासाठी पाने टाकून देतात. युरोप-अमेरिकेतील झाडे ती थंडीच्या तोंडावर टाकतात. दोन ऋतू वेगळे, त्यांची कारणे वेगळी. तरीही गडहिंग्लजच्या मुलीने ऑक्टोबरात मेपलचे पान नारिंगी रंगवायचे आणि दाराबाहेरच्या आपट्याकडे पाहायचे नाही, याला शिक्षण म्हणण्याची आपल्याला सवय लागली आहे.

अर्थशास्त्र शिकविण्यात आयुष्य घालविलेल्या माणसाने एका पक्ष-साप्ताहिकात कागदी पानांबद्दल का लिहावे, असे काही वाचकांना वाटेल. ऊसदर, वीजबिल, कामगार कायदे असे कितीतरी विषय वाट पाहत आहेत, हे मला मान्य आहे. पण दोन ते पाच वर्षांच्या मुलाच्या हातात काय द्यायचे हा प्रश्न आपण बाजाराच्या आणि स्त्रियांच्या हवाली करून मोकळे झालो आहोत. समाजवाद्यांनी तो बिनमहत्त्वाचा मानला म्हणून तो बिनमहत्त्वाचा ठरत नाही.

वस्तुतः लहान मुलांची शाळा ही कल्पना श्रमिकांच्या वस्तीतून पुढे आली. मारिया मॉंटेसरी यांनी १९०७ साली रोममधील सान लोरेंझो या गरीब वस्तीत आपले पहिले बालगृह उघडले ते आईबाप कामावर गेल्यानंतर चाळीतून मोकाट हिंडणाऱ्या मुलांसाठी. आज त्यांचे नाव ज्या पाट्यांवर दिसते, तेथील शुल्क गवंड्याच्या वर्षभराच्या मजुरीला भारी पडेल. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केले, १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला, आणि १९४५ साली शहर मागे ठेवून त्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ तेथेच त्यांना येऊन मिळाल्या. मॉंटेसरी पद्धतीची लाकडी साधने महाग होती आणि खेड्याला परकी होती. या दोघींनी त्यांच्या जागी शंखशिंपले, गोटे, पाने, फुले, बिया, माती मांडली. दलित वस्तीतील मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द त्या अंगणातला आहे. पुढे डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा काढली. गुरे राखणारे मूल शाळेत येणार नसेल तर शाळेने कुरणात जावे, इतका सरळ तिचा विचार होता.

आता शरदाकडे येतो. नातीच्या त्या प्रश्नानंतर मी आणि माझ्या परिचयातील एका अंगणवाडी सेविकेने मिळून तिच्या वीस-बावीस मुलांबरोबर आश्विन आणि कार्तिकाचे काही दिवस घालविले. अंगणवाडी गडहिंग्लजपासून जवळच्याच एका खेड्यात आहे. जे केले त्यात नवीन काही नाही, आपल्या आयांनी आणि आज्यांनी ते केलेलेच आहे. तरी तपशील देतो, कारण आमच्या चळवळीत तपशिलाची टंचाई फार.

पहिल्या दिवशी पारिजातक. सकाळी झाडाखाली सडा पडलेला असतो. दोन वर्षांच्या मुलाने फक्त एकेक फूल उचलून परडीत टाकायचे. त्याला तेवढेच काम पुरते आणि ते मन लावून अर्धा तास ते करते. चार वर्षांचे मूल पांढऱ्या पाकळ्यांपासून केशरी देठ वेगळा करते. ते देठ कोमट पाण्यात कुस्करले की पाणी केशरी होते. चिंधीचा बोळा त्यात बुडवून जुन्या वहीच्या पाठकोऱ्या कागदावर उठवायचा. कागदावर काय उमटले याला महत्त्व नाही. एका मुलाने कागद सोडून स्वतःचे पोट रंगविले आणि त्याचे पाहून आणखी तिघांनी.

दुसरे भेंडीचे. भेंडी आडवी कापली की पाच पाकळ्यांची चांदणी दिसते. कापण्याचे काम बाईंचे. बशीत गेरू किंवा हळद थोड्या पाण्यात कालवून ठेवायची, मुलांनी ठसे उठवायचे. आपट्याचे पान तर निसर्गानेच घडी घालून दिले आहे. मधल्या शिरेवर ते पुस्तकासारखे मिटते आणि उघडते, लहान मूल ते वीस वेळा मिटते आणि उघडते. (दसऱ्याला सोने म्हणून आपट्याच्या फांद्याच्या फांद्या ओरबाडण्याची जी चाल पडली आहे ती मला कधीच पटलेली नाही. मुलाला दोन पाने पुरतात.) हादग्याचे दिवस असल्याने बाईंनी पाटावर खडूने हत्ती काढला. हस्त नक्षत्राचा हा हत्ती. त्याच्या रेषेवर मुलांनी झेंडूच्या पाकळ्या मांडल्या. हत्ती अर्धाच झाला, कारण उरलेल्या पाकळ्या एकमेकांच्या अंगावर उधळण्यात संपल्या.

भुईमुगाची टरफले हा या भागातला शरदाचा खरा ऐवज. टोपलीभर टरफले पोत्यावर पसरून मुलांना त्यावर अनवाणी चालायला लावले तर तो कुरकुर आवाज त्यांना पुन्हा पुन्हा हवा असतो. अख्खे अर्धे टरफल पाण्याच्या परातीत होडी होते. गव्हाच्या पिठाची खळ शिजवून तिने टरफले पुठ्ठ्यावर चिकटविता येतात. जोंधळ्याच्या ताटाची बैलगाडी करणे मात्र आजोबांचे काम, मुलाने ती ओढायची आणि मोडायची.

येथे एक सावधगिरी सांगणे अगत्याचे आहे. शेंगदाणे, चिंचोके, सीताफळाच्या बिया, हरभरे या वस्तू तीन वर्षांखालील मुलाच्या हातात एकटे असताना देऊ नयेत. त्या नाकात जातात, घशात अडकतात, श्वासनलिकेत गेल्या तर जीवावर बेततात. गुंज दिसायला सुंदर, पण चावली गेली तर विषारी. एरंडाची बी तशीच. धोतऱ्याच्या बोंडाला मुलांनी हातही लावू नये. ओवण्याचे काम हवे असेल तर पपईच्या पानाचा पोकळ देठ चीक निथळून वाळवावा आणि त्याचे अंगठ्याएवढे तुकडे करावेत. ते जाड सुतळीत सुईवाचून ओवता येतात.

आणि माती. नदीकाठचा गाळ बारीक असतो, वारुळाची माती त्याहून मऊ. नुसत्या काळ्या मातीची वस्तू वाळताना तडकते, म्हणून तिच्यात थोडी राख किंवा बारीक भुसा मिसळावा. दोन वर्षांचे मूल मातीचे काही करीत नाही. ते बोट खुपसते, चिमटे काढते, थापटते आणि मोडते. हेच त्याचे काम आहे. तीन-साडेतीन वर्षांचे मूल गोळी वळते, मग वळकटी, मग वळकटीला चार पाय लावून बैल म्हणते. बेंदराला कुंभाराकडून आणलेला बैल त्याने पाहिलेला असतो, आता त्याला तो कसा होतो हे कळू लागते.

दिवाळीच्या किल्ल्याबद्दल मात्र मला स्वतःच्या अपराधापासून सुरुवात केली पाहिजे. माझा मुलगा चार वर्षांचा असताना मी त्याच्यासाठी अंगणात सामानगड केला. येथून जवळचाच किल्ला, १८४४ सालचा गडकऱ्यांचा उठाव जेथून पेटला तो. मी तटबंदी, विहिरी, दरवाजे सर्व नकाशाबरहुकूम केले. गल्लीत त्याच्यासारखा किल्ला नव्हता. मुलगा तीन दिवस बाजूला उभा राहून पाहत होता, आणि त्याने एकदा बुरुजाला हात लावला तेव्हा मी त्याच्यावर ओरडलो. वर्गात श्रमापासून श्रमिकाचे तुटलेपण शिकविणारा मी, घरच्या अंगणात तेच करीत होतो हे मला तीस वर्षांनी उमगले. आज बाजारात प्लास्टरचे तयार किल्ले मिळतात. ते घेणाऱ्यांना नावे ठेवण्याचा अधिकार मला फारसा नाही. दोन्हींमध्ये मुलाचे हात रिकामेच राहतात.

अंगणवाडीच्या दारात आम्ही केलेला किल्ला हा दगडगोट्यांवर चिखल थापून झालेला एक ढिगारा होता. त्यावर मुलांनी मोहरी आणि हळीव विस्कटले, रोज सकाळी पाणी शिंपडले आणि चार-पाच दिवसांत कोंब आले. यासाठी पेरणी वसुबारसेच्या आधीच व्हायला हवी. घटस्थापनेला घरात पेरलेले धान्य उगवताना या मुलांनी पाहिले होतेच, त्यामुळे कोंब येणार हे एका मुलीला आधीच ठाऊक होते आणि ती इतरांना ते अधिकाराने सांगत होती. किल्ला मुलांनी करायचा आणि रांगोळी मुलींनी, ही वाटणी आम्ही पाळली नाही. कोणी तक्रारही केली नाही, निदान मुलांनी तरी.

तक्रार आली ती पालकांकडून, आणि तिच्यासाठीच हा लेख लिहावा असे मला वाटले. एक शेतमजूर बाई मुलाला न्यायला आल्या. त्याचे कोपरापर्यंत माखलेले हात पाहून त्या बाईंना म्हणाल्या, "आमचं समदं आयुष्य मातीत गेलं. पोरगं शाळंत घातलं ते परत मातीत हात घालाय व्हय? अक्षरं कवा शिकवणार?" सेविका गप्प राहिली. मीही गप्प राहिलो, कारण मला तत्काळ उत्तर सुचले नाही.

श्रमप्रतिष्ठेवर व्याख्यान देणे सोपे असते. ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या कोणी चिखलात हात घातला नाही त्यांनी चिखलाचे कौतुक करावे आणि ज्यांची नखे त्याने झिजली त्यांनी ते ऐकावे, हा प्रकार या देशात पुष्कळ झाला. १९३७ साली वर्ध्याला गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा आग्रह धरला, तेव्हा गरिबाच्या मुलाला पुन्हा कामालाच जुंपणार काय, ही शंका घेणारे सर्वच काही इंग्रजीचे भक्त नव्हते. जातीने ज्यांना हातकामात डांबून ठेवले त्यांना त्यातून सुटायचे होते आणि अक्षर हे सुटकेचे दार होते. त्या बाईंचा प्रश्न मी म्हणूनच गैरसमज म्हणून उडवून लावणार नाही.

पण त्यांना दुसरी बाजू कोणी सांगितलेली नाही. जी माती त्यांना मुलाच्या हाताला नको वाटते तीच रंगीत करून, डब्यात भरून, क्ले या नावाने शहरातल्या मुलांना विकली जाते, आणि ते पालक ती विकत घेतात. कारण बोटे मळली, दाबली, वळली, चिमटली गेल्याशिवाय त्यांच्यात पेन्सिल धरण्याचे बळ येत नाही, हे त्यांना सांगणारे कोणी तरी असते. साडेतीन वर्षांच्या मुलाला रेघांच्या वहीत अ गिरवायला लावले तर ते अक्षर शिकत नाही, वहीला भिण्यास शिकते. मातीतून अक्षराकडे जाणारी वाट आहे. ज्याला मातीतच राहायचे नाही त्यालाही ती चालावी लागते. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर मुलाच्या मातीच्या बैलाला विनिमयमूल्य शून्य आहे आणि म्हणूनच बाजाराला त्यात रस नाही. संचात, छापील कागदात आणि प्लास्टिकच्या तयार पानात त्याला रस आहे.

मी हे त्या बाईंना दुसऱ्या दिवशी सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. पटले की नाही ते मला सांगता येणार नाही. मुलगा मात्र पुढेही येत राहिला.

आता राज्यसंस्थेकडे. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांनिशी सुरू झाली. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. जगात लहान मुलांसाठी इतके मोठे सार्वजनिक जाळे क्वचितच असेल. आणि त्या जाळ्याचा सर्व भार ज्या स्त्रीवर आहे तिला सरकार कर्मचारी म्हणत नाही, स्वयंसेविका म्हणते. तिला वेतन नाही, मानधन आहे. केंद्राने २०१८ साली आपला वाटा ३,००० रुपयांवरून ४,५०० रुपये केला आणि पुढे अनेक वर्षे तो तेथेच राहिला. राज्ये आपली भर घालतात, ती वाढवून घेण्यासाठी महाराष्ट्रातील सेविका आणि मदतनिसांना डिसेंबर २०२३ पासून पन्नासवर दिवस संप करावा लागला. सेविका-मदतनीस उपदानास पात्र आहेत, हे एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले.

तिच्या दिवसाचे काय होते ते मी त्या दिवसांत पाहिले. वजने, उंच्या, लसीकरण, आहाराचे वाटप, गरोदर मातांच्या भेटी, आणि २०२१ पासून या सर्वांची मोबाईलवर भरायची माहिती. रेंज नसली की ती बांधावर जाऊन उभी राहते. "सर, मोबाईलात भरायचं का पोरांकडं बघायचं, तुम्हीच सांगा," असे ती मला म्हणाली. पूर्वप्राथमिक शिक्षण हे योजनेच्या सहा सेवांपैकी एक आहे, पण वजन मोजता येते आणि पारिजातकाचे देठ वेचण्यात गेलेला तास मोजता येत नाही. जे मोजता येत नाही ते अहवालात नसते आणि अहवालात नसते त्याला वेळ मिळत नाही. तीन वर्षांखालील मुलाला तर या व्यवस्थेत जागाच नाही. त्याच्या वाट्याला लस आणि घरी न्यायचा शिधा येतो. २००२ सालच्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा मूलभूत हक्क केला तो ६ ते १४ या वयासाठी. सहा वर्षांखालच्यांना मार्गदर्शक तत्त्वांत बसविले. मूळच्या ४५ व्या कलमात चौदा वर्षांपर्यंतची सर्व मुले होती, त्यांतून ही सर्वांत लहान मुले वगळली गेली, आणि रस्त्यावर त्याचा आवाज फारसा उमटला नाही. आपलाही नाही.

याच ऋतूत आमच्या भागात आणखी काही लहान मुले येतात. दिवाळीच्या आसपास गळीत हंगाम सुरू होतो आणि बीडकडून, मराठवाड्याच्या इतर भागांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या उतरतात. आईबाप पहाटे फडात जातात. शाळेच्या वयाच्या मुलांसाठी साखरशाळांचे, वसतिगृहांचे प्रयोग झाले, थांबले, पुन्हा झाले. दोन-तीन वर्षांचे मूल मात्र कोपीत सहा वर्षांच्या बहिणीच्या कडेवर असते किंवा फडाच्या कडेला पाचटावर. त्याची नोंद गावाकडच्या अंगणवाडीत असते आणि ते येथे असते. कोसबाडला कुरणात गेलेली शाळा गडहिंग्लजच्या फडात का जाऊ नये, याला पैशाचे कारण पुढे करता येणार नाही.

ज्या तालुक्यांत गळीत चालते तेथील आपल्या शाखांनी या हंगामात दोन गोष्टी कराव्यात असे मी सुचवितो. टोळी उतरल्यापासून आठवड्याच्या आत तिच्यातील सहा वर्षांखालच्या मुलांची यादी करून जवळच्या अंगणवाडीत त्यांची नोंद व्हावी यासाठी बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. अंगणवाडीत जास्त मुले आली तर जास्त हात लागतील, म्हणून सेविकांच्या संघटनेला आधी विचारावे, त्यांच्या डोक्यावर आणखी एक काम लादून त्याला चळवळ म्हणू नये. आणि ती नोंद होईपर्यंत, व झाल्यावरही, आठवड्यातून दोन सकाळी दोघा कार्यकर्त्यांनी कोप्यांवर जाऊन बसावे. त्यांपैकी एक पुरुष असावा. लहान मुलांचे काम बायकांवर सोपवून आपण ठराव लिहिण्यास मोकळे होतो, ही आमची जुनी खोड आहे.

बरोबर फार काही न्यायचे नाही. दोन घमेली, पोते, पाण्याची बादली, खळीचा डबा, पाठकोरे कागद, वाटीभर गेरू. उसाचा पाला आणि वाढे तेथे असतेच, मात्र त्याच्या कडा कापतात, तो मुलांच्या हातात देण्याआधी वाळवून मऊ करावा लागतो. झेंडू दिवाळीनंतर पुष्कळ दिवस मिळतो, पारिजातक तोवर सरत आलेला असतो. माती मात्र आधी गोळा करायला हवी. पाऊस उघडल्याउघडल्या, घटस्थापनेच्या सुमारास, गाळ मऊ असताना आणून चाळून गोणत्यात बांधून ठेवावा. दिवाळीनंतर काठावर गेलात तर तो वाळून दगड झालेला असतो.